जुनी मोटार आणि झाकलेली खोड



जुनी मोटार दारात येते त्या दिवशी तिला हार घालतात, नारळ फोडतात, पुढे लिंबू-मिरची बांधतात. आठ दिवसांनी क्लच घसरतो. तो बदलावा, तर महिन्याभरात रेडिएटर गळू लागतो. तो जोडून आणावा, तोवर गिअर अडकतो. कापसाच्या पट्टीचे पैसे किंवा प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम आधीच गाडीत गेलेली असते, आणि वर मिस्त्रीचे बिल उभे राहते. शेजारीपाजारी म्हणतात, "नशीबच खोटे, दुसरे काय!" आज या नशिबाविषयीच चार शब्द सांगायचे आहेत. इतिहासाच्या दप्तरात शोधले, तर या दुर्दैवालाही आईबाप सापडतात.

हा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. मालातली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग सौदा झाल्यावर ती उघडी पडली, तर भार कोणी सोसावा?

बैलबाजार पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपण बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. पण भर नांगरटीत औताखाली बसकण मारणारा बशा बैल बाजारात थोडाच ओळखू येतो? तो कामाला जुंपल्यावरच कळतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी हे नेमके हेरले होते. याज्ञवल्क्यस्मृतीत खरेदी केलेल्या वस्तू पारखून घेण्याच्या मुदती दिल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात दिवस आणि बियाण्याला दहा दिवस. त्या यादीत दासदासीही आहेत, ही त्या काळाची काळी बाजू. ती झाकण्याचे कारण नाही. पण मुदती कशा ठरवल्या आहेत ते बघा. ज्या मालाची खोड उशिरा कळते, त्याला मुदत अधिक. मनुस्मृतीनेही खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरवण्याची सोय ठेवली आहे.

तिकडे रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे ईडाइल नावाचे अधिकारी असत. गुलाम आणि जनावरे विकणाऱ्याने दोष आधी सांगितलेच पाहिजेत, असा त्यांचा हुकूम होता. दोष लपला असेल, तर घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत माल परत करता येई किंवा वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. "मला तो दोष ठाऊकच नव्हता" ही विकणाऱ्याची सबब चालत नसे.

इंग्लंडच्या न्यायालयांनी मात्र दुसरी वाट धरली. १६०३ मध्ये एका खटल्याचा निकाल लागला. एका सोनाराने विषावर उतारा म्हणून मानला जाणारा एक खडा शंभर पौंडांना विकला होता, आणि तो खोटा निघाला. न्यायालय म्हणाले, विकणाऱ्याने 'खडा खरा आहे' असे नुसते म्हटले. तशी हमी दिली नव्हती. सबब दावा चालत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हे तत्त्व त्यानंतर दीर्घकाळ टिकले. १८९३ च्या इंग्रजी कायद्याने त्याला काही मुरड घातली आणि त्याच धर्तीवर आपल्याकडे १९३० चा मालविक्री कायदा आला. त्याच्या १६ व्या कलमात मूळ तत्त्व तेच आहे, पण अपवादही आहेत. विकणारा त्याच मालाचा व्यापारी असेल, आपण आपली गरज त्याला सांगितली असेल आणि त्याच्या जाणतेपणावर विसंबलो असू, तर माल त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आणि १८७२ चा करार कायदा सांगतो की दोष मुद्दाम झाकणे ही फसवणूकच होय.

आता मोटारीकडे येऊ. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती. कुर्ल्याच्या कारखान्याची फियाट किंवा उत्तरपाड्याची अँबॅसडर हवी, तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच जुन्या गाडीला भाव आला. ज्याला गरज आहे त्याने मिळेल ती गाडी घ्यावी आणि गप्प बसावे, अशी स्थिती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि पुढे हा तुटवडा हळूहळू ओसरला. पण खोड झाकण्याची कला ओसरली नाही. किलोमीटरचा मीटर मागे फिरवणे, धूर दबावा म्हणून इंजिनात जाड तेल ओतणे, गिअरचा आवाज मरावा म्हणून लाकडाचा भुसा घालणे, हे प्रकार जगभर चालत आले आहेत.

या बाजाराचे मर्म १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एका निबंधात उलगडले. तिकडे खोडकर गाडीला 'लिंबू' म्हणतात. म्हणजे आपण दृष्ट लागू नये म्हणून जे गाडीला बांधतो, तेच तिकडे वाईट गाडीचे नाव! त्याचे म्हणणे साध्या हिशेबाने सांगतो. समजा, चांगली जुनी गाडी चार लाखांची आणि वाईट दोन लाखांची. घेणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही, म्हणून तो तीन लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "एवढ्यात कशाला विकू?" आणि बाजारातून उठतो. वाईट गाडीचा मालक आनंदाने थांबतो. अशा रीतीने चांगला माल बाजारातून निघून जातो आणि मागे लिंबेच उरतात. त्याच निबंधात, तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणाऱ्या भारतीय गृहिणींचाही उल्लेख आहे. हे अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत राहून गेले होते. २००१ मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

निबंधाचा बोध हा की लबाडीचा फटका एका गिऱ्हाइकावर थांबत नाही; प्रामाणिक विकणाराही त्यात बुडतो. म्हणून कायदे पुन्हा जुन्या वाटेकडे वळले. अमेरिकेने १९७२ मध्ये मीटर फिरवणे बेकायदा ठरवले. १९८५ पासून तिथल्या विक्रेत्याला गाडीला हमी आहे की नाही हे तिच्या काचेवर लिहून लावावे लागते. आपल्याकडे १९८६ चा आणि त्यानंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. सदोष मालाबद्दल व्यापाऱ्याविरुद्ध जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

तरी एक लक्षात ठेवा. जुनी गाडी नव्यासारखी चालेल असे कोणताही कायदा म्हणत नाही. झिजलेला भाग मोडणे ही वयाची गोष्ट आहे. मोडका भाग झाकून विकणे ही लबाडी. दोन्हींतला फरक पुराव्याने ठरतो. म्हणून विकणाऱ्याचा नव्हे, आपला मिस्त्री घेऊन जा. गाडी थंड इंजिनावर सुरू करून पाहा, चढावर चालवून पाहा. तोंडी सांगितलेले कागदावर उतरवून सही घ्या. नोंदणी आपल्या नावावर करण्यासाठी तीस दिवसांच्या आत अर्ज करा. विकणाऱ्यानेही एकाच राज्यातील व्यवहार चौदा दिवसांच्या आत कळवायचा असतो.

याज्ञवल्क्याने ओझ्याच्या जनावराला पाच दिवस दिले होते. पैसे मोजण्यापूर्वी आपण मोटारीला निदान एक दिवस तरी द्यावा.