आम्ही ग्यारहवीवाले

माझी नात मिनेसोटात असते. वय सोळा, शाळा संपायला अजून दोन वर्षं आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आबा, मी आता आठवड्यातून तीन दिवस कॉलेजला जाते. पास झाले की तो विषय शाळेतही धरतात आणि कॉलेजातही." फी आणि पुस्तकांचा खर्च तिथलं राज्य सरकार करतं. असा कायदा अमेरिकेत सगळ्यात आधी मिनेसोटानेच केला, १९८५ साली. तिच्या दादाने दुसरी वाट धरली होती, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटची. शाळेतच कॉलेजच्या दर्जाचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. १ ते ५ असे गुण मिळतात. ही पद्धत १९५० च्या दशकातली.

घरात सगळ्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, अगं, आम्ही इंदूरवाल्यांनी हे १९६७ सालीच केलंय!

पूर्वी मॅट्रिकनंतर कॉलेजात दोन वर्षं इंटर आणि पुढे दोन वर्षं डिग्री असे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सुचवलं की इंटर मोडा, त्याचं एक वर्ष शाळेला जोडा आणि एक डिग्रीला. मध्य प्रदेशात तसं झालं. ग्यारहवीला हायर सेकंडरी, की थेट तीन वर्षांचं बी.कॉम. महाराष्ट्रात मात्र अकरावीच्या एस.एस.सी.नंतरही कॉलेजची चार वर्षं होती. म्हणजे कॉलेजचं एक वर्ष आम्ही शाळेच्या बाकावर, शाळेच्याच फीत उरकत होतो.

पण मला जायचं होतं पुण्याला. मावशी सदाशिव पेठेत राहायची. अण्णा मला घेऊन एका कॉलेजच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने मार्कशीट पाहिली न पाहिली आणि म्हणाला, "अकरावी ना? मग ही मॅट्रिकच. प्री-डिग्रीला बसवा." युनिव्हर्सिटीचा पात्रता दाखला आणायचा तर प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आलेली. अण्णांच्या रिटायरमेंटला चार वर्षं उरली होती, पाठीमागे दोन बहिणी. एक वर्ष फुकट घालवायची ऐपत नव्हती. रात्रीच्या गाडीने परत आलो.

इंदूर युनिव्हर्सिटीतून १९७० साली बी.कॉम. झालो, १९७१ साली बँकेत लागलो. त्याच वर्षी अण्णा रिटायर झाले. माझा एस.एस.सी.वाला मावसभाऊ तेव्हा कुठे डिग्रीची परीक्षा देत होता. ते वाचलेलं एक वर्ष आमच्या घराला तारून गेलं. पुणं मात्र राहिलं ते राहिलंच.

एकोणचाळीस वर्षं बँकेत काढली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. ड्राफ्ट आपल्या शाखेने काढला म्हणून भागत नाही, पुढच्या शाखेने तो वटवावा लागतो. आता आपल्याकडेही २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. नाव बँकेचं आहे, तेव्हा नियमही तोच समजा.

नातीला म्हटलं, "बाळा, पुढे ज्या कॉलेजात जायचंय, त्यांना आधी विचार. आणि उत्तर लेखी घे." कारण कुठले क्रेडिट धरायचे ते तिथेही प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. तिने तीन ठिकाणी मेल टाकल्या. दोघांनी हो कळवलं, तिसऱ्यांनी फक्त निम्मे धरू म्हणून सांगितलं. तिसरं तिने यादीतून काढलं.

तुमच्यापैकी कोणी ग्यारहवीवाले असाल, तर तुमची मार्कशीट कुठे वटली, कुठे अडली, ते जरूर लिहा.