खाच कुठून मोजायची?

मंडळी, गोल्फ क्लबवरच्या बारीक खाचांवरून कोर्टकचेरी झालीये, माहितीये? लांब गवतातून फटका मारताना चेंडू आणि क्लबच्या मध्ये गवत येतं, पकड सुटते, फिरकी घटते आणि चेंडू पडल्यावर घरंगळत जातो. खाचा ते गवत, पाणी सामावून घेतात.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या ‘यूएसजीए’ने चौकोनी खाचांना परवानगी दिली. पण ‘पिंग’चे इंजिनिअर कार्स्टन सोल्हाइम यांच्या ‘आय टू’ क्लबने चेंडू खरवडायचे. त्यांनी खाचांच्या कडा किंचित गोल केल्या. आता रुंदी कुठून मोजायची? यूएसजीएच्या मोजणीत खाचा रुंद आणि एकमेकींच्या फार जवळ भरल्या. १९८९ ला खटला, १९९० ला समझोता. जुने क्लब वैध राहिले. म्हणूनच २०१० मध्ये नियम कडक झाल्यावरही फिल मिकल्सन जुना पिंग घेऊन उतरू शकला.

कोड लिहिणाऱ्यांनो, नियमासोबत मोजायची पद्धतही लिहून ठेवा!