चालीपुढची कोरी जागा

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन सरकारांपुढे ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी नाटकाचा जन्म झाला, हे आमच्या भागात शाळकरी पोरही सांगेल. त्या नाटकातली सीता मात्र पुरुषच होता. पुढे कितीतरी वर्षे सीता, द्रौपदी, शकुंतला साऱ्या मिशा काढलेल्या गृहस्थांनीच रंगवल्या. स्त्रीने रंगभूमीवर यायचे नाही, हा नेम. मग तिने नाटक लिहायचे, त्यातली पदे रचायची, हे तर दूरच राहिले.

तरीही एकीने ते केले. हिराबाई पेडणेकर तिचे नाव. जन्म सावंतवाडीचा, नायकिणीच्या घरातला. लहानपणीच मुंबईस आल्या, लिहा-वाचायला शिकल्या, गाणे शिकल्या आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची नाटके वाचून वाचून स्वतःच लिहू लागल्या. कोल्हटकरांना त्या गुरुस्थानी मानीत. १९०४ साली त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले. वनवासात एकट्या सापडलेल्या द्रौपदीला जयद्रथ पळवून नेतो, ती ही कथा. महाभारतात हजार प्रसंग असता नायकिणीच्या मुलीने नेमका हाच का उचलला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. मग आले ‘संगीत दामिनी’. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ने ते १९१२च्या सुमारास रंगभूमीवर आणले. नावाजलेल्या मंडळीने केलेले स्त्रीचे पहिले नाटक म्हणून त्याचा उल्लेख होतो. शब्द बाईचे, पदे बाईची, आणि ती गाणारे सारे पुरुष!

पुढे त्यांची लेखणी थांबली. नाटकवाल्यांच्या जगातून त्या उठल्या आणि गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहिल्या. १९५१ साली वारल्या. आमच्या रहिमतपुरास जन्मलेल्या व सांगलीत विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेल्या वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून ‘कस्तुरीमृग’ लिहिले, म्हणून निदान नाव तरी आमच्या कानी आले. बाईचे नाव पुरुषाच्या नाटकातून कळावे, हेही खास आपल्याकडचेच. असो.

हे सारे आता आठवण्याचे कारण निराळे. माझा भाचा शिकागोस असतो. त्याने मागे मोबाइलवर एक वादन धाडले आणि लिहिले, “मावशी, हे ऐक. रचना एका काळ्या बाईची आहे.” फ्लॉरेन्स प्राइस हे तिचे नाव. जन्म १८८७, मृत्यू १९५३. म्हणजे आमच्या हिराबाईंच्या अगदी बरोबरीची. तिकडे ‘कन्चेर्तो’ म्हणून प्रकार असतो. एकटा पियानो एका बाजूला, सारा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला, आणि दोघांत जणू आपल्या फडातला सवालजवाब. या बाईने तो रचला आणि १९३४ साली शिकागोत स्वतः पियानोवर बसून वाजवला. तिच्या मागे वाद्यवृंदाची मूळ वही गहाळ झाली. तिचे कागद तर एका ओसाड पडलेल्या घरात २००९ साली सापडले, तेही त्या घराची डागडुजी करायला आलेल्या माणसांना. शेवटी २०११ साली एका संगीतकाराने पियानोच्या उपलब्ध प्रतींवरून वाद्यवृंदाचा भाग पुन्हा बांधला आणि तो कन्चेर्तो पुन्हा वाजला.

ते ऐकले त्या रात्री मला झोप आली नाही. तिकडे कागदावर स्वर तरी होते. आपल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर असते काय? ‘चाल’ असा शब्द आणि पुढे त्या काळी घरोघरी ठाऊक असलेल्या एखाद्या गाण्याचे नाव. ते गाणे विसरले की पदही मुके झाले.

तरी हट्टाने मी हिराबाईंचे एक पद मिळवले आणि आमच्या शाळेच्या संमेलनात मुलींकडून बसवायचे ठरवले. शिक्षकांच्या खोलीत लगेच कुजबूज झाली. एक गृहस्थ उघडच म्हणाले, “बाई, नायकिणीचं पद कशाला मुलींच्या तोंडी?” मला त्यांच्या ‘बाई’ या शब्दाचीच गंमत वाटली. शाळेत मला सगळी बाई म्हणतात ती मानाने. हिराबाईंनाही बाईच म्हणत, पण कुठल्या सुरात ते ज्याने त्याने ओळखावे.

चाल मात्र कोणालाच येईना. गावातले भजनी बुवा झाले, पेटीवाले झाले. तेव्हा आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत हळूच म्हणाली, “माझ्या आजीला येईल. ती आधी फडात होती.” आणि लगेच, “पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

संध्याकाळी गेले. आजी शेंगा फोडीत बसली होती. चालीचे नाव सांगताच तिचे हात थांबले. ते गाणे तिच्या आईचे. बाहेर मोटारसायकल वाजली, तशी ती गप्प झाली. मुलगा आत जाऊन मोरीत हातपाय धुऊ लागेपर्यंत थांबली, आणि मग पाण्याच्या आवाजाआड तिने ते आख्खे म्हणून दाखवले. दोनदा. मी मोबाइल काढला, तर हाताने खाली दाबला.

“ध्यानात ठेवा की बाई. चाल घ्या, पर नाव नगा घालू कुठं माझं. नातीचं लगीन व्हायचंय.”

वाटेने तेच गुणगुणत परतले, विसरेन या भीतीने. संमेलनात मुलींनी ते पद म्हटले. नात पहिल्या रांगेत होती. पत्रिकेत मी छापले : पद, हिराबाई पेडणेकर. खाली ‘चाल’ आणि पुढे जागा कोरी.