सरसाचा सांधा

मराठीत 'सरस' या एका शब्दाची दोन घराणी आहेत. एक संस्कृतातून आलेले, रसयुक्त किंवा अधिक चांगले असा अर्थ सांगणारे. दुसरे फारसी 'सरेश'मधून आलेले, सुताराच्या चुलीवरच्या उग्र वासाच्या चिकट द्रव्याचे. आमच्या लहानपणी घरी सुतार बसला की सगळ्यांत आधी आत येई तो हा वास. रंधा आणि करवत यांचे आवाज नंतर. आज बडोद्यातच नव्हे, तर बहुतेक गावांत हा वास नाहीसा झाला आहे. त्याबरोबर सांध्याविषयीची एक समजूतही गेली. तिच्याविषयी लिहावे असे काही दिवस मनात होते. त्याला घरचेच एक निमित्त घडले, ते पुढे येईल.

लाकडाला लाकूड चिकटवण्याची विद्या फार जुनी आहे. इजिप्तमधील थीब्स येथे रेखमिरे या प्रधानाची कबर आहे, ती इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातील. तिच्या भिंतीवर सुतारांच्या कामाचे चित्र असून विस्तवावर ठेवलेले सरसाचे भांडेही त्यात आहे. आपल्याकडे सहाव्या शतकात, उज्जैनच्या परिसरातील वराहमिहिराने बृहत्संहितेत 'वज्रलेपा'वर स्वतंत्र अध्यायच लिहिला. कच्ची टेंभुर्णी, कच्ची कवठे, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा आठव्या हिश्शापर्यंत आटवायचा. मग त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बे, जवस, बेल वगैरे घोटायचे. देवळे, गवाक्षे, मूर्ती, भिंती, विहिरी यांना हा लेप तापवून लावावा, तो सहस्र अयुत, म्हणजे एक कोटी वर्षे टिकतो, असे आचार्य सांगतात. आम्ही शासकीय सेवेत असताना ठेकेदाराकडून पाच वर्षांची हमी मिळवतानाही घाम फुटत असे, ही आठवण येथे सहज झाली. त्याच अध्यायात शिंगे, केस आणि म्हशीचे कातडे यांपासून करावयाचा आणखी एक लेप आहे. त्याचे कूळ मात्र सुताराच्या सरसाशी जुळते.

या कातड्याच्या लेपाची सविस्तर कृती सहाशे वर्षांनी मिळते, तीही आपल्या भागात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातले. बडोदेकरांना या ग्रंथाचे अगत्य अधिक, कारण तो गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये छापला गेला. पहिला खंड १९२५मध्ये आणि दुसरा १९३९मध्ये, संपादक गो. कृ. श्रीगोंदेकर. त्यात राजा सांगतो की म्हशीचे ताजे कातडे पाण्यात इतके शिजवावे की ते लोण्यासारखे मऊ व्हावे. मग आटवून त्याच्या कांड्या कराव्यात, उन्हात खडखडीत वाळवाव्यात. हाच वज्रलेप. हवा तेव्हा मातीच्या भांड्यात पाणी घालून तापवला की पुन्हा पातळ होतो. राजाला तो भिंतीवरील चित्रांसाठी हवा होता. पण कृती सुताराचीच आहे.

वराहमिहिराचा राळेचा लेप कोटी वर्षे न सुटण्यासाठी. सोमेश्वराचा लेप गरम पाण्यात विरघळणारा, आणि तरी नाव वज्राचेच. पक्केपणाच्या या दोन कल्पना आहेत. गेल्या साठ वर्षांत आपण पहिलीच तेवढी खरी मानली.

सरस कसा धरतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कातड्यातील तंतुमय द्रव्य शिजून त्याचे जिलेटिन होते. कांड्या किंवा खडे रात्रभर थंड पाण्यात भिजत घालायचे, ते फुगतात. सकाळी भांड्यात भांडे ठेवून बाहेरच्या पाण्याच्या उष्णतेने वितळवायचे. उष्णता साठ अंशांच्या आसपास असावी. उकळी आली की जोर गेला. लावायचा गरम आणि पातळ, आणि सांधा लगेच बसवायचा, कारण तो मिनिटभरात गोठू लागतो. वाळताना आकसतो आणि दोन्ही लाकडे एकमेकांकडे ओढतो. असा सांधा नीट जमला तर ताणल्यावर सरस नव्हे, शेजारचे लाकूड फुटते. दोष अर्थात आहेतच: ओल सहन होत नाही, बुरशी येते, किडीला तो आवडतो. ज्या घरात देव्हाऱ्याजवळ चामड्याची वस्तू चालत नसे, त्या घरात मृदंगाची पुडी आणि तंबोऱ्यातला सरस कसा चालला, हे कुणी विचारले नाही. विचारले नाही तेच बरे.

ओलीला भिऊन माणसाने दुधाकडे मोर्चा वळवला. सोमेश्वराच्या सुमारासच युरोपात थिओफिलस नावाच्या भिक्षूने कलाकौशल्यावर ग्रंथ लिहिला. त्यात चीज धुऊन, कुटून, चुन्यात घोटून फळ्या जोडण्याची रीत दिली आहे. असा सांधा ओलीने वा उष्णतेने सुटत नाही, अशी ग्वाहीही आहे. हाच केसिनचा सरस विसाव्या शतकात लाकडी विमानांत गेला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे 'मॉस्किटो' विमान प्लायवुडचे होते; प्रथम केसिनने, पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या कृत्रिम राळेने जोडलेले. १९४४मध्ये हिंदुस्थानातील दमट हवेत अशी काही विमाने पंख तुटून कोसळली आणि नोव्हेंबरमध्ये उड्डाणे थांबवावी लागली. पहिला संशय चिकटद्रव्यावर गेला. पुढील चौकशीत मात्र कारखान्यातील सदोष जोडणीवर बोट ठेवले गेले. फट राहिलेली असली तर कोटी वर्षांचा लेपही तिला भरून काढत नाही. जुना सुतार सांधा आधी कोरडा बसवून पाही, हाताला हलला तर पुन्हा पटाशी घेई, ते याचसाठी.

पुढची हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. फ्रिट्झ क्लाटे या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२मध्ये पॉलिव्हिनाइल अॅसिटेट शोधले. त्यातून पांढरा, थंड, बिनवासाचा, डब्यातून थेट लावता येणारा गोंद निघाला. १९५९मध्ये बळवंतराय पारेख यांनी मुंबईत 'फेव्हिकॉल' आणला आणि सुताराच्या चुलीवरचे भांडे उतरले. यात वाईट काही झाले असे आम्ही म्हणणार नाही. खुर्ची, टेबल, कपाट यांना तो उत्तम. सांधा नीट बसलेला आणि शिकंजात आवळलेला असावा, एवढेच. मात्र सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो, ओल आणि ऊन त्याला मऊ करतात, आणि जुन्या थरावर नवा थर धरत नाही. लाकूड खरवडून कोरे करावे लागते. पाण्यापावसातल्या कामाला रिसॉर्सिनॉलची राळ. फट भरायची असेल तर दोन नळ्यांचा इपॉक्सी. तो तर सुटतच नाही.

आणि येथे आमची चूक सांगणे भाग आहे. आजोबांनी मिरजेहून आणलेला तूण लाकडाच्या दांडीचा तंबोरा आमच्या घरी आहे. बडोदे आणि मिरज यांचे हे नाते जुनेच: येथे मौलाबक्षांची गायनशाळा १८८६मध्ये निघाली, आणि येथील दरबारात गायलेले अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेचे झाले. १९९८च्या पावसाळ्यात या तंबोऱ्याचा दांडी आणि भोपळा यांमधला सांधा उकलला. सुतार म्हणाला, सरस मागवू या, दोन आठवडे थांबा. आम्हीच घाई केली. सर्वांत पक्के जे असेल ते लावा, असे बजावले. त्याने इपॉक्सी लावला. सांधा खरोखर आजतागायत हलला नाही. पण पंधरा वर्षांनी लाकूड हवेबरोबर आकसले, आणि सांध्याला वाव नसल्यामुळे शेजारची दांडीच वीतभर चिरली.

मिरजेच्या कारागिराने तंबोरा उलटसुलट फिरवून पाहिला. सरस असता तर कोमट पाण्याचे फडके ठेवून, पातळ सुरी फिरवून तासाभरात उघडला असता, असे ते म्हणाले. आजोबांच्या वेळचा सरसाचा सांधा असा दोनदा उघडून बसवल्याच्या खुणा त्यांनी आम्हांला दाखवल्या. आता दांडीचा खालचा भाग कापूनच काढावा लागला. नवा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा घातला, आणि शेवटचा सांधा बंद करण्यापूर्वी आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने तारीख लिहिली आणि खाली एक शब्द लिहिला: सरस.