वर्णव्यंजना, निसर्गचित्रणातील
नदी, वृक्ष व भूमी यांचे वर्ण यथातथ्य न उतरविता, त्यांच्या दर्शनाने चित्तात उठणारा भाव रंगांच्या द्वारे प्रकट करण्याची चित्रणपद्धती. युरोपात व्हॅन गॉख व मातीस यांनी ती सामर्थ्याने हाताळली; गोमंतकात तिचे स्मरणीय उपासक म्हणजे मडगावी जन्मलेले लक्ष्मण पै (१९२६–२०२१), ज्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षणानंतर पॅरिसमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केले व पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. याच गोमंतकातील डिचोली तालुक्यात जांभ्याची तांबडी भूमी, पावसाळ्यात गढुळणारी वाळवंटी नदी आणि माड-काजूंची गर्द हिरवाई यांच्या सान्निध्यामुळे तांबडा व हिरवा हे परस्परपूरक वर्ण एकमेकांस उजळवितात. म्हणूनच येथील दृश्यात वर्णांची तीव्रता वाढविणारा चित्रकार सत्यापासून ढळत नाही, उलट त्याच्या अधिक निकट जातो.