मदरबोर्डवरील सॉकेटच्या वाकलेल्या पिना : तपासणी आणि दुरुस्ती

कळ दाबली की दिवा लागतो, पंखे फिरतात. पण पडदा मात्र काळाच राहतो. जुना संगणक साफ केल्यानंतर किंवा त्याचा प्रोसेसर बदलल्यानंतर असे घडले, की मदरबोर्ड 'गेला' असे समजून तो भंगारात दिला जातो. प्रत्यक्षात दोष सॉकेटमधील एखाद-दुसऱ्या वाकलेल्या पिनेत असू शकतो. भिंग, सुई आणि संयम एवढ्या सामग्रीवर तो अनेकदा दूर होतो.

नागपूर-वर्धा लोहमार्गावर बुटीबोरी आणि सेवाग्रामच्या दरम्यान असलेल्या सिंदी (रेल्वे) सारख्या गावात या माहितीचे मोल अधिक आहे. जुन्या बनावटीचा मदरबोर्ड आता नवा मिळत नाही आणि वापरलेला शोधायचा तर नागपूरची बाजारपेठ गाठावी लागते. शिवाय प्रश्न केवळ मदरबोर्डच्या किमतीचा नसतो. लग्नपत्रिका, हँडबिले छापणाऱ्या व्यावसायिकाची मराठी अक्षरजुळणीची प्रणाली, तिचा हार्डवेअर लॉक आणि 'विंडोज एक्सपी' हे सारे त्या एका संगणकाशी जुळलेले असते. मदरबोर्ड बदलला तर 'एक्सपी' सुरूच न होणे किंवा नव्याने नोंदणी मागणे, असे प्रकार घडतात.

पिना नेमक्या कुठे?

'पेंटियम ४'च्या काळातील 'सॉकेट ४७८'मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असत आणि सॉकेटला केवळ छिद्रे असत. इंटेलने २००४ साली 'एलजीए ७७५' सॉकेट आणले आणि ही रचना उलटी झाली. प्रोसेसरच्या खाली सपाट सोनेरी ठिपके आले, तर ७७५ लवचीक पिना मदरबोर्डवर गेल्या. 'कोअर २ ड्युओ' याच सॉकेटवर चालत असे. एएमडीने घरगुती संगणकांसाठी ही पद्धत २०२२ साली 'एएम५'पासून स्वीकारली; तोवरच्या 'एएम२' ते 'एएम४' या मालिकांत पिना प्रोसेसरलाच होत्या. त्यामुळे दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पिना कोणत्या बाजूला आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते.

नुकसान कसे होते?

एलजीए सॉकेटमधील पिना केसासारख्या बारीक असून त्यांच्यातील अंतर जेमतेम एक मिलिमीटर असते. प्रोसेसर तिरका ठेवला, हातातून निसटला किंवा बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी त्या वाकतात. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात सफाईसाठी कापसाचा बोळा सहज हाताशी येतो. मात्र सॉकेटवर तो कधीही फिरवू नये. त्याचे तंतू पिनांत अडकतात आणि ओढताना पिनांची रांगच्या रांग वाकते.

पिना प्रोसेसरला असतील तर कारण वेगळे असते. विदर्भातील उन्हाळे काढलेली थर्मल पेस्ट सुकून घट्ट होते आणि पंखा उपसताना प्रोसेसरही सॉकेटमधून ओढला जातो. संगणक चालू स्थितीत असल्यास तो काही मिनिटे चालवून बंद करावा आणि पंखा सरळ न उपसता हलकेच दोन्ही बाजूंना फिरवून सोडवावा.

लक्षणे

पडदा काळा राहणे हे मुख्य लक्षण होय. त्याखेरीज संगणक पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होणे, मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच ओळखली जाणे किंवा ग्राफिक्स कार्ड न दिसणे, असेही घडते. मेमरीचा दोष विशेषतः २००९ साली आलेल्या 'एलजीए ११५६' आणि त्यापुढील सॉकेटांत आढळतो. कारण या सॉकेटांत मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरकडे असते. वीजपुरवठ्याची पिन दुसऱ्या पिनेला टेकली असेल तर प्रोसेसरच जळण्याचा धोका असतो. म्हणूनच शंका येताच संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये.

तपासणी

प्रथम वीजजोडणी काढून कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते. त्यासाठी मनगटी पट्टा वापरावा, निदान कॅबिनेटच्या उघड्या धातूला वेळोवेळी हात लावावा. मग बोर्ड टेबलावर ठेवून विजेरीचा प्रकाश तिरका पाडावा. पिना ठरावीक पद्धतीने झुकलेल्या असल्याने त्यांची टोके सारखी चमकतात. जिथे ही नक्षी मोडते, तिथे दोष असतो. बोर्ड फिरवून चारही बाजूंनी पाहावे. मोबाइलने जवळून छायाचित्र घेऊन मोठे करून पाहिल्यास तपासणी सोपी होते.

दुरुस्ती

बारीक सुई किंवा टोकदार चिमटा घेऊन पिन वाकलेल्या दिशेच्या उलट अगदी थोडी ढकलावी, पाहावे, पुन्हा ढकलावी. एका झटक्यात सरळ करण्याचा मोह टाळावा. धातू मागे-पुढे वाकवला की तुटतो. शेजारच्या पिनेशी उंची आणि झुकाव जुळला की थांबावे. पिनेवर पेस्ट लागली असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश वापरावा आणि पूर्ण सुकू द्यावे. प्रोसेसरच्या पिना जाड असतात. त्यांसाठी ०.५ मिलिमीटरच्या यांत्रिक पेन्सिलीची रिकामी नळी किंवा पातळ पाते उपयोगी पडते.

यानंतर प्रोसेसर बसविताना खाचा आणि सोनेरी त्रिकोण जुळवून तो सरळ खाली ठेवावा. घासू अथवा सरकवू नये. पहिल्या चाचणीसाठी शक्यतो स्वस्त, जुना प्रोसेसर आणि मेमरीची एकच पट्टी वापरावी.

पिन तुटली असल्यास

'एलजीए ७७५'मधील निम्म्याहून अधिक पिना वीज आणि अर्थिंगच्या असतात. त्यांपैकी एखादी तुटली तरी बोर्ड चालू शकतो. संदेशवाहक पिन तुटल्यास मात्र तो चालत नाही किंवा अडखळतो. तुटलेली पिन कोणती, हे इंटेलने प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकातील नकाशावरून कळते. संपूर्ण सॉकेट बदलणेही शक्य आहे. परंतु ते बोर्डाला खालून शेकडो सूक्ष्म गोळ्यांनी डाखलेले असते. शिसेविरहित डाख वितळण्यास सुमारे २१७ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्यासाठी खास यंत्र हवे. हा खर्च अनेकदा जुन्या बोर्डाच्या किमतीहून अधिक होतो.

भंगारात देण्यापूर्वी

मदरबोर्ड निकामी झाला तरी माहिती हार्ड डिस्कवर असते. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली काढून घेता येतात. 'एक्सपी'ला २०१४ पासून सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत. त्यामुळे असा संगणक दुरुस्तीनंतर इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ ठरावीक कामासाठी वापरणेच योग्य.

दुरुस्ती साधलीच नाही, तर बोर्ड अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रातच होणे अपेक्षित आहे. उघड्यावर जाळलेल्या बोर्डातील शिसे मातीत आणि पाण्यात उतरते. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगाच्या कामातून टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला होता. हाताशी असलेली वस्तू टाकण्यापूर्वी ती तपासून पाहणे, हा त्या विचाराचा या जिल्ह्याला परिचित असलेला भाग आहे.