पैशाचे कार्ड आणि लोकांचा अंकुश

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा यांतून उभ्या राहिलेल्या या फंडाचे तत्त्व साधे होते : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. पैसा म्हणजे पाव आणा. त्या काळी टपालाच्या कार्डाची किंमतही नेमकी पाव आणाच होती. हा योगायोगच, आणि त्यातून फार मोठा सिद्धांत काढण्याचे कारण नाही. मात्र कोणाही माणसाला ओझे न वाटता देता येईल अशी रक्कम कोणती, या प्रश्नाचे फंडाच्या चालकांनी दिलेले उत्तर आणि टपालखात्याने दिलेले उत्तर एकच होते, एवढे त्यावरून दिसते.

याच गावात त्या सुमारास आणखी एक संस्था होती. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय कोल्हापूर, मिरज असा प्रवास करीत तळेगावास येऊन स्थिरावले होते. वाङ्मयाच्या अभ्यासकांना विजापूरकर परिचित आहेत ते ‘ग्रंथमाला’ आणि ‘विश्ववृत्त’ या मासिकांमुळे. ‘ग्रंथमाले’तून ग्रंथ क्रमशः छापले जात. ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही तेथील वाचकाला अशा मासिकाचा अंक मिळायचा तो टपालानेच. आपण मुद्रणाचा इतिहास लिहितो, संपादकांची चरित्रे लिहितो. पण छापलेला कागद वाचकाच्या हाती कसा आणि कोणत्या दराने पोचला, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा पुढचा आहे. तो दर आणि ती वाट बदलण्याचा अधिकार कोणाकडे होता, आणि त्या अधिकारावर नजर कोणाची होती?

१८५४ च्या कायद्याने हिंदुस्थानात अंतर न पाहता वजनावर टपालहशील घेण्याची पद्धत आली. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा. मग ते मुंबईहून पुण्याला जावो की कलकत्त्याला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि मावळातून जाणाऱ्या डाकेला वेग आला. १८७७ मध्ये व्ही.पी., १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आणि १८८० मध्ये मनीऑर्डर आली. मराठी नियतकालिकाचे सारे अर्थकारण या तीन सोयींत सामावले होते. कार्डाने मागणी नोंदवायची, मनीऑर्डरने वर्गणी पाठवायची आणि व्ही.पी.ने पुस्तक सोडवून घ्यायचे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १८९८ चा. त्या वर्षीच्या केंद्रीय कायद्यांचे क्रमांक पाहण्यासारखे आहेत. चौथा कायदा दंडसंहितेच्या दुरुस्तीचा. त्यातच राजद्रोहाचे कलम विस्तारले गेले. पाचवा फौजदारी प्रक्रियेचा. सहावा भारतीय टपाल कार्यालय अधिनियम. टिळकांवरील राजद्रोहाचा पहिला खटला आदल्याच वर्षी झाला होता, हे लक्षात घेतले की या तिन्ही कायद्यांचे शेजारपण बोलके वाटते. टपाल कायद्याच्या २० व्या कलमात, ज्यांच्या वेष्टनावर राजद्रोही मजकूर आहे अशा वस्तूंना टपालाची वाट बंद केली होती. सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाने टपाल अडवून ठेवण्याचा अधिकार २६ व्या कलमाने सरकारला दिला. पुढे दहाच वर्षांनी, पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ या लेखावरून ‘विश्ववृत्ता’वर खटला झाला आणि विजापूरकरांना तुरुंगवास भोगावा लागला. १९१० मध्ये सरकारने तळेगावचे समर्थ विद्यालयही बंद पाडले. लेखणी, शाळा आणि टपाल यांच्याकडे राज्यकर्ते एकाच संशयाने पाहत होते.

मात्र १८९८ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती. पत्र, कार्ड, पुस्तकाचे पाकीट, नोंदणीकृत वृत्तपत्र यांच्या दरांची कमाल मर्यादा कायद्याला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात लिहिलेली होती. त्या मर्यादेच्या आत सरकारने अधिसूचनेने हवा तो दर ठरवावा. मर्यादा ओलांडायची असेल तर मात्र कायदाच बदलावा लागे. कायदा झाला तेव्हा विधिमंडळात लोकांचे प्रतिनिधी नाममात्र होते, त्यामुळे या तरतुदीला फारसा अर्थ नव्हता. तो १९२१ नंतर आला. निवडून आलेल्या सदस्यांची मध्यवर्ती विधानसभा अस्तित्वात आली आणि १९२२ मध्ये पाव आण्याचे कार्ड अर्ध्या आण्यावर गेले, ते अर्थसंकल्पाच्या चर्चेतून. स्वातंत्र्यानंतरही वित्त विधेयकातून हे परिशिष्ट दुरुस्त करण्याची रीत चालू राहिली. परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी केलेल्या कायद्यातून कार्डाच्या किमतीवर लोकप्रतिनिधींचा अंकुश निर्माण झाला, हा इतिहासातला एक उपरोध म्हणावा लागेल.

येथपर्यंतच्या विवेचनातून दोन सूत्रे हाती येतात. एक, टपाल उघडण्याचा अधिकार. दुसरे, टपालाचा दर ठरवण्याचा अधिकार. पहिल्याकडे आपले लक्ष लवकर जाते. १९८६ मध्ये टपाल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले. पत्रे अडवण्याचे सरकारचे अधिकार त्यात वाढवलेले होते. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी ते फेरविचारासाठी संसदेकडे धाडले. अखेर २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले. खाजगी पत्राच्या पावित्र्याविषयी त्या काळी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. दराविषयी असे कोणी पेटून उठत नाही. दर वाढला म्हणून कोणाला तुरुंगात जावे लागत नाही. एखादे त्रैमासिक मुकाट्याने बंद पडते, इतकेच.

प्रशासनाने केलेला प्रत्येक बदल संशयास्पद असतो, असे येथे सुचवायचे नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. सारख्या नावाच्या गावांचा घोळ आणि भिन्न लिप्यांतील पत्ते यांवर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला. महाराष्ट्रात तळेगावे अनेक आहेत. ४१०५०६ म्हटले की मावळातले दाभाड्यांचे तळेगाव निश्चित होते. या बदलासाठी कायदा करावा लागला नाही, आणि तशी गरजही नव्हती. कारण त्याने कोणाची सोय काढून घेतली नाही. भेद येथेच आहे. जो बदल सेवेचा विस्तार करतो त्याला प्रशासकीय आदेश पुरतो. जो बदल एखादी सोय संपवतो त्याची चर्चा लोकांसमोर व्हायला हवी.

या कसोटीवर अलीकडचा काळ पाहावा. १८९८ च्या कायद्याची जागा घेणारे विधेयक राज्यसभेने ४ डिसेंबर २०२३ रोजी आणि लोकसभेने १८ डिसेंबरला संमत केले. लोकसभेचे ३३ सदस्य निलंबित झाले तोच हा दिवस. नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. टपाल अडवण्याचा व उघडण्याचा अधिकार त्याच्या नवव्या कलमात राहिलाच. शिवाय पत्रवहनाची मक्तेदारी गेली आणि दरांचे परिशिष्टही गेले. सेवा आणि त्यांचे दर विनियमांनी ठरवण्याचे काम टपालसेवेच्या महानिदेशकांकडे आले. पहिल्या सूत्राविषयी थोडीफार चर्चा झाली. दुसऱ्याविषयी जवळपास नाहीच.

त्याचा परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नवे विनियम आले आणि छापील पुस्तके सवलतीच्या दराने नोंदणीकृत टपालाने पाठवण्याची जुनी सोय एकाएकी बंद झाली. लहान प्रकाशक आणि वाचक यांनी तक्रारी केल्या. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ या नावाने नवी सेवा सुरू झाली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये. सोय परत आली हे खरे, पण नियतकालिकांना या सेवेतून वगळलेले आहे. जुन्या कायद्यात वृत्तपत्राची सवलत मिळण्यासाठी दोन अंकांमधील अंतर ३१ दिवसांहून अधिक नसावे अशी अट होती. म्हणजे त्रैमासिक त्या वेळी वृत्तपत्र ठरत नव्हते, आणि आज ‘ज्ञान पोस्ट’च्या लेखी ते पुस्तकही नाही. मराठीतील गंभीर समीक्षा प्रामुख्याने कोणत्या प्रकारच्या नियतकालिकांतून होते, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको.

सरकारची बाजूही विचारात घ्यायला हवी. टपालखाते तोट्यात आहे, कुरिअर कंपन्यांशी स्पर्धा आहे, आणि प्रत्येक दरासाठी संसदेकडे जाणे वेळखाऊ आहे. परिशिष्टामुळे दर दीर्घकाळ गोठून राहिले, हेही नाकारता येणार नाही. कार्ड वर्षानुवर्षे ५० पैशांवरच राहिले. परंतु दर लवचिक असणे वेगळे आणि बदलाआधी कोणाला विचारण्याचे बंधनच नसणे वेगळे. एखादी सेवा बंद करण्यापूर्वी तशी पूर्वसूचना द्यावी, हरकती मागवाव्यात, कारणे संसदेसमोर मांडावीत, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा निदान तिला निरोप देण्याइतका अवधी लोकांना मिळाला होता.

विजापूरकरांची संस्था बंद करणाऱ्या सरकारने ती उघडपणे बंद केली. म्हणूनच तिचा इतिहास लिहिता आला. विनियमातील एका ओळीने बंद झालेल्या गोष्टीचा इतिहास लिहिणे कठीण असते, कारण बंद करणारा हात दिसत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने यापुढे एखाद्या नियतकालिकाचा शेवटचा अंक हाती घेतला, तर संपादकाच्या निरोपासोबत त्या वर्षीचे टपालाचे दरपत्रकही वाचावे.